जीप घेताना आधी चासी वाचा

फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग दाखवली, तेव्हा तिची किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती आणि पहिल्याच दिवशी सुमारे बावीस हजार गाड्यांची मागणी नोंदवली गेली. लांब बॉनेट, आखूड पाठ, तरुण नोकरदाराच्या आवाक्यातली किंमत. या धर्तीच्या गाड्यांना पुढे ‘पोनी कार’ हेच नाव पडले. भारतात मात्र ती जवळजवळ आलीच नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी इथले जुळणी कारखाने त्याच्या दहा वर्षे आधीच गुंडाळले होते आणि मोटारींच्या आयातीची दारे बंद होती. साठच्या दशकातल्या ज्या मोजक्या मस्टँग आज देशात दिसतात, त्यांच्याजवळ उभे राहायला मिळाले तरी लोक धन्य होतात. इथल्या शोरूममध्ये मस्टँग अधिकृतपणे पोहोचली ती थेट २०१६ मध्ये.

त्यामुळे झाशीसारख्या शहरात जुन्या अमेरिकन गाडीची हौस जीपवर येऊन ठरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलीज आणि फोर्ड या दोघांकडून मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवून घेतल्या. लेडो रस्त्याच्या आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आलेल्यांपैकी कित्येक युद्धानंतर इथेच राहिल्या. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या कंपनीने लवकरच मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी हाती घेतली, आणि हळूहळू ती गाडी पुरती देशी झाली. झाशी तर छावणीचे शहर. पलीकडे बबीना, तिथेही फौजच. बुंदेलखंडातले खडकाळ रस्ते जीपला मानवतात आणि कोरड्या हवेत पत्राही कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीपेक्षा जास्त टिकतो. म्हणूनच इथे विकायला निघालेल्या प्रत्येक जुन्या जीपबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येते: “फौज की नीलामी की है, भाईसाहब.”

रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेल्या झाशीतल्या एका मराठी काकांनीही तेच ऐकले. लोखंडात आयुष्य गेलेला माणूस. लगतच्या मध्य प्रदेशातल्या एका विक्रेत्याकडे त्यांनी ‘१९४४ची विलीज’ पाहिली. फौजी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, पुढच्या जाळीला नऊ फटी, डॅशबोर्डवर इंग्रजी मजकुराच्या पितळी पट्ट्या. वेल्डिंग इतके सुबक होते की काकांनी मिस्त्रीची पाठ थोपटली आणि तिथल्या तिथे इसार दिला. काही दिवसांत उरलेली रक्कम देऊन गाडी घरी आली. शहरातल्या गणपती मंदिराबाहेर ती उभी राहिली तेव्हा दर्शनाला आलेली मंडळी आधी जीपभोवती जमली.

आरसी बुक त्यांनी नंतर नीट वाचले. त्यात निर्माता महिंद्र, साल १९८६ आणि इंधन डिझेल असे लिहिले होते. बॉनेटखाली मात्र पेट्रोलचे इंजिन होते. विक्रेता म्हणाला, “किताब तो बस फॉर्मॅलिटी है.” परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकांना ते मान्य होण्यासारखे नव्हतेच. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तर तो छाप आरसीशी जुळला. इंजिनाचा नंबर जुळला नाही. गाडी नावावर झाली नाही. विक्रेत्याने बऱ्याच ओढाताणीनंतर रकमेचा काही भाग परत केला आणि गाडी नेली. बाकीचे पैसे आणि रंगकामावर वर केलेला खर्च बुडाला.

“मी सांधे बघत बसलो,” काका सांगतात. “सांधे चांगलेच होते. पण गाडी कोणती आहे, हे सांधे सांगत नाहीत.”

पुनर्बांधणी केलेली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने काकांचे हे वाक्य ध्यानात ठेवावे. नवा रंग आणि नवा पत्रा यांनी गाडी सुंदर होते, पण तिची ओळख त्यांच्याखाली झाकली जाते. अमेरिकेत मस्टँग घेणारे जाणकारही सुरुवात तिथूनच करतात. १९६५ सालच्या मस्टँगच्या ओळख क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा, पुढचे अक्षर कारखान्याचे, त्यापुढचे दोन आकडे बांधणीचे: ०७ म्हणजे हार्डटॉप, ०८ उघड्या टपाची, ०९ फास्टबॅक. पाचवे अक्षर इंजिनाचे. तिथे ‘के’ असेल तर २८९ घनइंची, सर्वांत जोरकस इंजिन कारखान्यातूनच बसलेले, आणि किंमत कुठल्या कुठे जाते. ‘सी’ असलेल्या गाडीवर ‘के’ची बिरुदे लावून विकणारे तिथेही भेटतात. बिरुद नवे मिळते, म्हणून जाणकार आधी पत्र्यावर ठोकलेला क्रमांक वाचतात.

जीपच्या बाबतीत कारखान्याने पुरेशा खुणा ठेवल्या आहेत, आणि त्या पाहायला अवजारेही लागत नाहीत. पहिली खूण स्टीअरिंग. युद्धकाळातली जीप डाव्या स्टीअरिंगची होती. ‘१९४४ची’ म्हणवणारी गाडी उजव्या स्टीअरिंगची निघाली, तर एक तर ती बदललेली आहे किंवा ती युद्धातली नाहीच. काकांची गाडी उजव्या स्टीअरिंगची होती. दुसरी खूण पेट्रोलची टाकी: फौजी जीपमध्ये ती चालकाच्या आसनाखाली असते आणि पेट्रोल भरायला आसन उचलावे लागते, तर नागरी जीपचे झाकण बाहेर बाजूला असते. फौजी जीपला मागे उघडणारा फाळका नसतो. तिचे हेडलाइट बिजागरीवर फिरवून इंजिनाकडे वळवता येतात, म्हणजे रात्री त्याच उजेडात दुरुस्ती करता यावी. हे फिरणारे दिवे बघितले की त्या काळच्या अभियंत्यांना सलाम करावासा वाटतो. आणि समोरच्या बंपरमागे वाकून पाहिले की चासीचा आडवा भाग दिसतो: विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी घडणीचा. फोर्डने तर बोल्टांच्या माथ्यावरसुद्धा आपले ‘एफ’ अक्षर ठोकले होते. डॅशबोर्डवरच्या पट्ट्यांवर मात्र भिस्त ठेवू नये. त्या नव्याने बनवून विकल्या जातात. नऊ फटींची जाळीही तशीच.

ठोकलेला नंबर वाचतानाही घाई नको. आजूबाजूचा पत्रा अलीकडे घासलेला आहे का, आकडे एका ओळीत आणि सारख्या खोलीचे आहेत का, जवळ वेल्डिंगचा पट्टा आहे का, हे उन्हात पाहावे, संध्याकाळच्या दिव्यात नव्हे. विक्रेता तिथला रंग खरवडू देत नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे. लांबी भरलेला पत्रा ओळखायला साधे लोहचुंबक पुरते: जाड लांबीवर ते धरत नाही.

‘फौज की नीलामी’ खरी असेल तर तिचाही कागद असतो. लष्कराने गाडी विकल्याचे आणि ती ताब्यात दिल्याचे पत्र, त्यावर गाडीचा लष्करी क्रमांक, आणि पुढे नागरी नोंदणी झाल्याचा धागा. हा धागा मध्येच तुटत असेल तर सांगितलेल्या गोष्टीला किंमत देऊ नये. चोरीच्या शंकेसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ सेवा आहे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून निर्माता, इंधन आणि तारीख पाहता येते. खूप जुन्या आरसीची नोंद संगणकावर चढलेली नसते. ती विक्रेत्याने मूळ कार्यालयातून चढवून घ्यावी आणि इसार त्यानंतरच द्यावा.

इंजिन बदललेली जीप झाशीत सर्रास दिसते. डिझेल स्वस्त पडते म्हणून कुणी बदलले, पेट्रोलचे मूळ इंजिन थकले म्हणून कुणी. बदलामागची गरज समजण्यासारखी आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीनेच करता येतो आणि तो आरसीत चढावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हीच विसंगती शोधेल.

झाशीकरांसाठी आणखी एक अडचण भूगोलाची. शहर उत्तर प्रदेशात, पण थोडे पुढे गेले की दतिया, शिवपुरी, ओरछा, सगळे मध्य प्रदेशात. चांगली जीप बहुधा हद्दीपलीकडे सापडते. मग तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८, हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, इकडचा रस्ता कर आणि शेवटी यूपी-९३चा नंबर. हस्तांतर कळवायला घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. ना हरकत प्रमाणपत्र विक्रेत्याने हातात दिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. “मागाहून पाठवतो” या शब्दावर गाड्या वर्षानुवर्षे अंगणात पडून राहतात.

‘व्हिंटेज’ नोंदणीबद्दलही गैरसमज फार आहेत. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,०००, मुदत दहा वर्षे. पण त्या गाडीच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी नातवंडांना ओरछ्याला न्यायचे असेल तर हा क्रमांक उपयोगाचा नाही. त्यासाठी साधी, चालू नोंदणी हवी.

काकांनी पुढच्या खेपेला उलट्या क्रमाने काम केले. आधी आरसी, मग चासीचा छाप, मग इंजिनाचा नंबर, आणि शेवटी गाडी चालवून पाहणे. मिळाली ती सीजे-३बी, उंच बॉनेटची. नवे हरिकेन इंजिन जुन्यापेक्षा उंच होते म्हणून विलीजने बॉनेट वर उचलले, तीच ही घडण. महिंद्रने ती भारतात दशकानुदशके बनवली. रंग उडालेला, आसने फाटलेली, पण कागद आणि लोखंड एकच गोष्ट सांगणारे. चकचकीत विलीजपेक्षा अशी गाडी घ्यावी. तिचे दोष उघडे असतात, त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधता येतो.

ती चालवून पाहायला काकांनी मुद्दाम मे महिन्याची दुपार निवडली, आणि हा सल्ला उत्तर भारतातल्या कुणीही घ्यावा. पारा ४५च्या आसपास गेला की यांत्रिक पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन चढावर दम टाकते. थंडीत तीच गाडी निर्दोष वाटते. ब्रेकची तपासणी जिवाशी संबंधित आहे. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर असतात, म्हणून एक नळी फुटली तर पॅडल थेट तळाला जाते. चाकांजवळ ब्रेक ऑइलचा ओलावा दिसला तर गाडी ट्रकवर घालून आणावी. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले की किंगपिनची झीज हाताला कळते. सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा लवकर खराब होतो, तेव्हा ते घेतल्याबरोबर बदलावेत, आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी, कारण इथेनॉल हवेतला ओलावा शोषते.

सीजे-३बीचे सुटे भाग दिल्लीच्या काश्मिरी गेटला मिळतात, पुण्यात नाना पेठेतही विचारावे. युद्धकाळातल्या विलीजचे खरे भाग मात्र बहुतेक परदेशातून मागवावे लागतात, म्हणून तिची किंमत ठरवताना त्या भागांचा आणि त्यांच्यावरच्या सीमाशुल्काचा खर्च आधी मिस्त्रीकडून लिहून घ्यावा.