सर्व्हिसिंगनंतर इंजिन थरथरतंय

प्रश्न : पेट्रोल गाडीचं सर्व्हिसिंग झाल्यापासून सिग्नलला इंजिन थरथरतं, चेक इंजिनचा पिवळा दिवाही लागलाय. इंजिनचं मोठं काम निघालं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका, दिवा लागला म्हणजे इंजिन खोलावंच लागतं असं नाही. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट बसली नसेल किंवा इग्निशन कॉइलचा कनेक्टर सैल राहिला असेल, तरी असंच होतं. इंजिन गार झाल्यावर बॉनेट उघडून बघा. डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्येच हवं. जास्त भरलेलंही वाईटच. मग जॉब कार्ड घेऊन त्याच गॅरेजात जा, स्कॅनरवरचा कोड लिहून मागा. काही जण नुसता दिवा घालवून देतात, ते चालवून घेऊ नका. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी टो करूनच न्या. अशा वेळी न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं, आणि तो महाग असतो.