कोपरा आधी राखायचा



आमच्या शब्बाथशाळेत बायबलमधली रूथची गोष्ट चालली होती. समोर आठ-नऊ वर्षांची मुलं. रूथ बवाजाच्या शेतात सातूचा सरवा वेचते, इथपर्यंत मी आले आणि एका मुलीनं हात वर केला. "बाई, बवाज एवढा श्रीमंत होता ना? मग त्यानं एक पोतं भरून का नाही दिलं? तिला उन्हात वाकून वेचायला का लावलं?"

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते अर्धंच होतं. उरलेलं उत्तर मनात घोळवत घरी आले. आज ते तुम्हा पालकांशी बोलते आहे, कारण मुलांपेक्षा आपल्यालाच त्याची जास्त गरज आहे.

सरवा हा शब्द शहरातल्या मुलांना आता माहीत नसतो. कापणीनंतर रानात मागे राहिलेली कणसं किंवा भुईमूग उपटल्यावर मातीत राहून गेलेल्या शेंगा म्हणजे सरवा. आपल्या गावांत गरीब बायका सरवा वेचायला जायच्या. मालकानं हाकललं नाही तर त्याचे उपकार मानायच्या. मोशेच्या नियमशास्त्रात मात्र ही गोष्ट मालकाच्या मर्जीवर सोडलेलीच नाही. लेवीयच्या १९व्या अध्यायात देव सांगतो की शेत अगदी कोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेली कणसं गोळा करू नयेत, द्राक्षमळा झाडून नेऊ नये. ते गरिबाचं आणि उपऱ्याचं आहे. अनुवाद या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात त्याहून बारीक सूचना आहेत. पेंढी शेतात विसरली तर आणायला परत जायचं नाही. जैतुनाचं झाड एकदा झोडपलं की पुन्हा झोडपायचं नाही. जे राहिलं ते उपरी, पोरका आणि विधवा यांच्यासाठी.

यातला क्रम पाहा. सगळं धान्य घरात आलं, कणगी भरली, मग उरलंसुरलं दिलं, असं इथे नाही. विळा हातात घेण्याआधीच कोपरा ठरलेला आहे. शेताचा धनी तो कोपरा दान म्हणून देत नाही. तो त्याचा नव्हताच.

रूथ या नियमात पुरेपूर बसत होती. ती विधवा होती, गरीब होती आणि मवाबी, म्हणजे परक्या आणि नावडत्या देशातली होती. नियम तर होताच, पण बवाज नियमापाशी थांबला नाही. कोणी तिला त्रास देऊ नये अशी त्यानं गड्यांना ताकीद दिली. गड्यांनी भरून ठेवलेलं पाणी तिनं प्यावं असं सांगितलं. जेवणाच्या वेळी तिला कापणाऱ्यांच्या पंक्तीला बसवून भाजलेले दाणे स्वतः तिच्यापुढे ठेवले. ती पोटभर जेवली आणि सासूसाठी, नामीसाठी, राखूनही ठेवलं. मग बवाजानं गड्यांना हळूच सांगितलं की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम खाली पडू द्या आणि तिला बोल लावू नका. संध्याकाळी तिनं झोडपलं तेव्हा जवळजवळ एक एफा, म्हणजे मोठं माप भरून, सातू निघाले.

त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर हे होतं. त्या पहिल्या दिवशी बवाजानं पोतं हातात दिलं असतं, तर रूथ मान खाली घालून घरी गेली असती. त्यानं कणसं अशी पाडली की तिला ती स्वतःच्या कष्टाची वाटावीत. तिच्या पदरात दाणे आले आणि तिचा मानही राहिला. पुढे ओळख आणि विश्वास वाढल्यावर त्यानं तिला सहा मापं सातू मोजूनही दिले. म्हणजे देण्यात तो कमी पडला नाही. देताना समोरच्याला लहान करायचं नाही, एवढं त्यानं जपलं.

हे त्याला कुठून आलं असेल? मत्तयाच्या शुभवर्तमानात बवाजाच्या आईचं नाव आहे राहाब. यरीहोची राहाब, परक्यांतून इस्राएलात आलेली. परक्या बाईचं जिणं त्याच्या घरातच होतं. अनुवादातही सरव्याच्या नियमाला जोडून देव हेच कारण देतो की तुम्ही मिसरात दास होता, त्याची आठवण ठेवा. उपऱ्यावरच्या प्रेमाचं मूळ आठवणीत आहे.

म्हणून एक विनंती. आपलं घर कधी उपरं होतं ते मुलांना सांगा. माझी आजी १९७२च्या दुष्काळात दोन लेकरं घेऊन पाझर तलावाच्या कामावर गेली होती. दिवसभर माती वाहायची, तिथली सुकडी लेकरांना चारायची. मुक्कामाच्या गावात एका घरानं तिला ओसरी दिली आणि रोज भाकरीबरोबर कालवणाची वाटी दिली. त्या घराशी आमचं ना नातं, ना जात, ना धर्म. आजी शेवटपर्यंत ती वाटी विसरली नाही. माझ्या मुलांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. तुमच्याही घरात अशी एखादी वाटी असेल. ती झाकून ठेवू नका.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य यापेक्षा वेगळं सांगत नाही. त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या तेव्हा दुष्काळानं काही महिन्यांत त्यांचे आई, वडील आणि बहीण नेली. पाला खाऊन काढलेले दिवस त्यांनी सोसले होते. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिथे गेल्या, उपाशी, पोरक्या मुलींना घेऊन आल्या आणि दौंडजवळच्या केडगावला 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. १९००च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातल्या मुलीही तिथे आल्या. तिथे त्यांना शिक्षण मिळालं आणि हाताला काम मिळालं. कणसं मुद्दाम पाडणारा बवाज मला केडगावात दिसतो.

आता तुमच्या मनातली शंका. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस असं आम्ही मुलांना रोज बजावतो, आणि तुम्ही म्हणता अनोळखी माणसावर प्रेम करायला शिकवा?" शंका रास्त आहे. एकटं असताना दार उघडायचं नाही, कोणी दिलेला खाऊ घ्यायचा नाही, कुणाबरोबर जायचं नाही, हे बजावणं मुळीच सोडू नका. पण मम्रेच्या झाडांखालचा अब्राहाम आठवा. भर उन्हात तीन अनोळखी माणसं दिसली तेव्हा तो स्वतः धावत पुढे गेला. त्याच्या बायकोनं, सारेनं, पीठ मळलं, गड्यानं वासरू रांधलं. सगळं घर कामाला लागलं आणि पुढे होता घरातला वडीलधारा. पाहुणचार मोठ्यांनी करायचा, मुलांनी आपल्या शेजारी उभं राहून पाहायचा. मुलांच्या मनात सावधपणा राहू द्या, तिरस्कार मात्र शिरू देऊ नका. "त्यांच्या जवळ जाऊ नकोस, घाणेरडे असतात ते," हे वाक्य आपल्या तोंडून गेलं की शब्बाथशाळेची वर्षभराची शिकवण पुसली जाते.

आमच्या भागात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाबाहेर कोप्या पडतात. बीडकडून आलेली आपल्याच मुलांच्या वयाची लेकरं तिथे धाकटं भावंड सांभाळत बसलेली असतात. आपलीच भाषा बोलणारी ही माणसं, तरी गावाला ती सहा महिने उपरीच. तिथे मुलांना बरोबर घेऊन जा. आधी नाव विचारा, गाव विचारा. फाटके कपडे आणि मोडकी खेळणी नेऊ नका. आपलं मूल जे अंगात घालेल, ज्याच्याशी खेळेल, तेच न्या. आणि देताना फोटो काढू नका. बवाजानं गड्यांना बोल लावू दिला नाही, तसाच आपणही कुणाला लाजिरवाणं करायचं नाही.

कमाई बेताची आहे म्हणणाऱ्यांसाठी मिझोरमचं उदाहरण. तिथल्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाचे तांदूळ काढले की त्यातली एक मूठ वेगळी ठेवतात. तिला 'बुहफाई थाम' म्हणतात. १९१०पासून ही रीत चालत आली आहे. गरीब घरही मूठ काढतं आणि ती काढतं भात शिजण्याआधी. कोपऱ्याचा नियम तिथे चुलीपाशी पाळला जातो.

रूथचा पणतू दावीद राजा झाला आणि येशूच्या वंशावळीत या मवाबी बाईचं नाव लिहिलं गेलं. बवाजाला त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं.

उद्या सकाळी तांदूळ निवडताना मुलांना जवळ बोलवा. पहिली मूठ त्यांच्या हातांनी काढून डब्यात ठेवू द्या आणि ती कुणासाठी आहे ते सांगा. महिनाअखेरीस डबा भरला की तो घेऊन आईबाप आणि मुलं, सगळे मिळून जा.