तीनदा रुपेरी पदक, तरी शतकातले मोठे खेळाडू



हँडबॉल म्हणजे चेंडू हाताने टाकून गोल करायचा खेळ. प्रत्येक संघाचे ७ खेळाडू मैदानात असतात. मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, म्हणजे खो-खोच्या मैदानापेक्षा मोठं. चेंडू घेऊन, तो जमिनीवर न आपटता, ३ पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. म्हणून पास द्यावाच लागतो. एकट्याचं तिथे काही चालत नाही.

या खेळातले नामवंत खेळाडू म्हणजे स्वीडनचे मॅग्नस विस्लांडर. स्वीडन हा युरोपच्या उत्तरेकडचा थंड देश आहे. तिथल्या गोथेनबर्ग शहरात १९६४ साली त्यांचा जन्म झाला. १९९० साली स्वीडनने विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ते जर्मनीतल्या कील शहराच्या संघात गेले आणि तिथे १२ वर्षे खेळले. आधी ते मागे राहून खेळ रचायचे. पुढे गोलाजवळच्या रेषेवर, विरोधकांचे धक्के खात खेळू लागले.

आता खरी गोष्ट ऐका. ऑलिंपिकमध्ये स्वीडन लागोपाठ तीनदा अंतिम सामन्यात पोचले आणि तीनदा हरले.

१९९२, बार्सिलोना : २० विरुद्ध २२
१९९६, अटलांटा : २६ विरुद्ध २७
२०००, सिडनी : २६ विरुद्ध २८

वजाबाकी करून बघा. तिन्ही वेळचे मिळून फक्त ५ गोल कमी पडले! विस्लांडर तिन्ही सामन्यांच्या संघात होते. ऑलिंपिकचं सोनं त्यांना कधीच मिळालं नाही.

पण ते रुसून घरी बसले नाहीत. १९९९ साली स्वीडनने रशियाला २५ विरुद्ध २४ असे हरवून पुन्हा विश्वचषक घेतला. अटलांटाला एका गोलाने गेलं, इथे एका गोलाने आलं. युरोपचे अजिंक्यपद तर त्यांच्या संघाने चारदा मिळवले. चौथ्या वेळी, २००२ साली, त्यांचं वय ३७ होतं. देशासाठी ते ३८४ सामने खेळले आणि त्यांनी अकराशेच्या वर गोल केले. आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने त्यांना विसाव्या शतकातला सर्वोत्तम खेळाडू ठरवले.

आपल्यात दुसरा नंबर आला की कोणी रडतं, कोणी खेळायलाच येत नाही. आईवडीलसुद्धा विचारतात, "पहिला का नाही आला?" मला वाटतं, "पुढच्या वेळी खेळणार ना?" असं विचारावं.

– इयत्ता चौथी