तातडीची गर्भनिरोधक गोळी : बहात्तर तासांचा हिशोब



निरोध फाटला, रोजची गोळी सलग तीन दिवस चुकली, नवऱ्याने ऐकलेच नाही किंवा कोणी जबरदस्ती केली, अशा वेळी पाळी चुकते का हे बघत बसू नये. त्यासाठी तातडीची गर्भनिरोधक गोळी आहे. तिचे नाव बहुतेकींनी ऐकलेले असते. पण मागायची कुठे आणि कधी हे नीट ठाऊक नसते, म्हणून या अंकात आम्ही तोच विषय घेतला आहे.

गोळी काय करते?
या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे औषध १.५ मिलिग्रॅम असते. शरीरसंबंधानंतर शुक्राणू पोटात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तेवढ्या काळात स्त्रीबीज बाहेर पडू नये म्हणून ही गोळी ते लांबणीवर टाकते. गर्भ आधीच राहिला असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. त्यामुळे 'आपल्या हातून पहिले शील मोडते का' अशी शंका घेण्याचे कारण नाही.

वेळ किती?
गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. भिवंडीच्या भाषेत सांगायचे तर लूमच्या बारा तासांच्या सहा शिफ्ट. मात्र सहाव्या शिफ्टची वाट बघू नका, कारण जितका उशीर तितका गुण कमी. ७२ तास उलटले तरी पाचव्या दिवसापर्यंत थोडाफार उपयोग होतो. पाच दिवसांच्या आत दवाखान्यात तांबी बसवून घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

कुठे मिळते?
मेडिकलमध्ये ही गोळी २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. नवऱ्याची संमती लागत नाही, लग्न झाले आहे का हे सांगावे लागत नाही. आशाताईंकडे सरकारी गोळी घरपोच दोन रुपयांत देण्याची योजना आहे. भिवंडी शहरात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आणि गावाकडे पडघ्यासारखे प्राथमिक आरोग्य केंद्र येथे विचारावे. एका ठिकाणी साठा नसेल तर थांबू नका, लगेच दुसरीकडे जा.

नावात घोटाळा नको
'अनवॉन्टेड-७२' ही तातडीची गर्भनिरोधक गोळी आहे. 'अनवॉन्टेड किट' हे गर्भपाताचे औषध आहे आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे आहे. दुकानात घाईने अर्धे नाव सांगू नका. पाकिटावर लेव्होनॉरजेस्ट्रेल लिहिले आहे का, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मुलीला, मैत्रिणीला किंवा आशाताईंना दाखवा.

घेतल्यावर
मळमळ, डोकेदुखी, थोडा रक्तस्राव होऊ शकतो. दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी. पुढची पाळी काही दिवस मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर लघवीची तपासणी करावी. अंगावर पाजणारी आईही ही गोळी घेऊ शकते. टीबीचे रिफॅम्पिसिन आणि फिट्सची काही औषधे या गोळीचा गुण कमी करतात. अशी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना सांगून तांबीचा विचार करावा.

ही गोळी पुढच्या संबंधापासून संरक्षण देत नाही, एचआयव्हीपासूनही नाही. ती अडचणीच्या वेळेसाठी आहे. नेहमीसाठी निरोध, माला-एन, छाया, अंतरा इंजेक्शन किंवा तांबी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

जबरदस्ती झाली असेल तर
सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अत्याचारग्रस्त स्त्रीवर मोफत उपचार करावेत असा कायदा आहे. आधी पोलिसांत तक्रार करून या, असे रुग्णालयाला म्हणता येत नाही. या उपचारात ही गोळीही येते. मदतीसाठी १८१ हा महिलांचा आणि १०९८ हा मुलांचा क्रमांक आहे.

लाज कोणाची?
१९३४ साली 'समाजस्वास्थ्य'वरील खटल्यात र. धों. कर्वे यांची बाजू बाबासाहेबांनी न्यायालयात मांडली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला. मूल नको असेल तर गर्भधारणा टाळण्याचे साधन स्त्रीच्या हाती हवे आणि निर्णयही तिचाच हवा, ही त्यामागची भूमिका होती. ठराव नामंजूर झाला. त्या वेळी सभागृहात जे उघडपणे मांडले गेले, ते आज मेडिकलच्या काउंटरवर मागताना आपण मान खाली का घालावी?

विहारातील महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचावे. कॉलेजला जाणाऱ्या मुली आणि गोदामात कामाला जाणाऱ्या ताई त्या वेळी हजर असाव्यात. पुरुषांनाही बसवावे, कारण रात्री उशिरा मेडिकल शोधायला तेही जाऊ शकतात.