हप्त्यावर विकावं की नाही? १९२० च्या अमेरिकेकडून एक धडा



दुकान काढताय आणि डोक्यात एकच विचार फिरतोय, "हप्त्यावर माल दिला तर विक्री वाढेल का?" वाढेल, नक्की वाढेल. पण पुढे काय होतं? ते बघायला आपण शंभर वर्षं मागे, अमेरिकेत जाऊ.

१९२० चं दशक. जॅझ संगीताची धूम, घरोघरी येणारा रेडिओ, आणि व्यापारात फारसा हात न घालणारं राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचं सरकार. बाजारातली मोठी लढाई होती फोर्ड विरुद्ध जनरल मोटर्स.

फोर्डचा मंत्र एकच: स्वस्त. १९०८ मध्ये ८५० डॉलरला आलेली मॉडेल टी पुढे ३०० डॉलरच्या आत मिळू लागली. पण हेन्री फोर्डना उधारी आवडायची नाही. १९२३ मध्ये त्यांनी योजना काढली: ५ डॉलरपासून सुरुवात करा, दर आठवड्याला बँकेत भरत राहा, पूर्ण किंमत जमली की गाडी न्या. थोडक्यात, आपल्या सोनाराकडची भिशी!

जनरल मोटर्सने उलटं केलं. १९१९ मध्येच स्वतःची फायनान्स कंपनी काढली. साधारण एक तृतीयांश रक्कम आधी द्या, बाकी वर्षभरात फेडा, गाडी मात्र आजच न्या. डीलरला माल भरायलाही ही कंपनी पैसे द्यायची. जोडीला वेगवेगळे रंग, नवी मॉडेल्स. १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली आणि शेवरोले पुढे गेली. १९२८ मध्ये फोर्डनेही फायनान्स कंपनी काढलीच.

म्हणजे हप्ता जिंकला? थांबा, गोष्ट अर्धीच झालीय.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. लोक घाबरले. त्या काळी हप्ता चुकला की वस्तू परत जायची आणि आधी भरलेले पैसेही बुडायचे. मग लोकांनी काय केलं? अर्थशास्त्रज्ञ मार्था ओल्नी यांनी हे उलगडून दाखवलंय: लोकांनी हप्ते भरणं सुरू ठेवलं आणि बाकीची खरेदी कापली. म्हणजे गाडी विकली एकाने, फटका बसला दुसऱ्याच दुकानदाराला.

हे आकड्यात बघू. समजा तुमच्या ग्राहकाची कमाई २०,००० रुपये, त्यातले ६,००० हप्त्यात जातात. बाजारात खर्चायला उरले १४,०००. उद्या कमाई १५,००० झाली. हप्ता तेवढाच, उरले ९,०००. कमाई पाव भागाने घटली, पण दुकानात येणारा पैसा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटला! आता कळलं का, मंदी नसतानाही काही गल्ल्यांत गल्ला का आटतो?

म्हणून हप्ता सुरू करण्याआधी चार गोष्टी पक्क्या करा:

१. पैसा कोणाचा अडकतोय? स्वतःचं खेळतं भांडवल असेल तर मर्यादा ठरवा. ती संपली की नवा हप्ता बंद.

२. आधी ठोस रक्कम घ्या. ग्राहकाचाही जीव त्यात गुंतला पाहिजे.

३. हप्ते वस्तू जुनी होण्याआधी संपले पाहिजेत. फाटलेल्या चपलेचा हप्ता कोणी आनंदाने भरत नाही.

४. वहीत रोख विक्री आणि हप्त्याची विक्री वेगळी लिहा. हप्त्यावरची बरीच विक्री म्हणजे पुढच्या महिन्यांची विक्री आज ओढून आणलेली असते. ती बघून मोठं दुकान भाड्याने घेऊ नका.

आजचा गृहपाठ: तुमच्या १० नेहमीच्या ग्राहकांची यादी करा आणि त्यांच्यावर आधीच किती हप्ते असतील याचा अंदाज लिहा. त्यांच्या खिशात तुमच्यासाठी खरंच किती उरतं, ते त्या कागदावर दिसेल. माल त्या हिशोबाने भरा.