कॉपी झाली, पण पोचली का?

क्लाउडवरची साठवण कमांड लाइनवरून माउंट करणं फार सोपं आहे. एक रिकामा फोल्डर तयार करायचा, आरक्लोन या प्रोग्रामला 'माउंट' म्हणायचं, आणि दूरच्या बकेटमधल्या, म्हणजे क्लाउडवरच्या कप्प्यातल्या, फाइली आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या दिसू लागतात. 'एलएस' चालतं, 'सीपी' चालतं, कुठलाही एडिटर फाइल उघडतो. मी ही सोय नेहमी वापरतो. म्हणूनच नव्याने वापरणाऱ्यांना कळकळीने सांगतो, की तिच्यावर आपल्या डिस्कइतका विश्वास टाकू नका.

याचं कारण आतल्या रचनेत आहे. फ्यूज नावाची सोय २००५ साली लिनक्स कर्नलच्या २.६.१४ आवृत्तीत आली. तिच्यामुळे फाइल वाचण्या-लिहिण्याची मागणी कर्नल एका साध्या प्रोग्रामकडे सोपवू शकतो. इथे तो प्रोग्राम म्हणजे आरक्लोन. मागणी आली की तो इंटरनेटवरून क्लाउडला विनंती पाठवतो. पण एस-थ्रीसारख्या क्लाउडवरच्या साठवणीत वस्तू अख्खी ठेवता येते, वाचता येते, काढून टाकता येते. ठेवलेल्या वस्तूच्या मधलेच चार बाइट बदलता येत नाहीत. डिस्कला सहज जमणाऱ्या कित्येक गोष्टी त्यामुळे आरक्लोनला आपल्या मशीनवरच्या कॅशच्या आधाराने कराव्या लागतात.

हा कॅश 'व्हीएफएस-कॅश-मोड' या पर्यायाने ठरतो आणि काही सांगितलं नाही तर तो बंद असतो. बंद असताना वाचणं-लिहिणं एकाच वेळी करू पाहणारे प्रोग्राम अडतात, आणि अपलोड मध्येच तुटला तर आरक्लोनला तो पुन्हा करता येत नाही. म्हणून लिहिण्यासाठी माउंट करायचं असेल तर 'राइट्स' किंवा 'फुल' हाच मोड ठेवावा. मात्र त्याची दुसरी बाजू मी एका संस्थेत पाहिली.

तिथे जुन्या भाषणांची ध्वनिमुद्रणं क्लाउडवर ठेवण्याचं काम चालू होतं. कार्यकर्त्याने मेमरी कार्डातल्या फाइली माउंट केलेल्या फोल्डरमध्ये टाकल्या. कमांड झटकन संपली, फोल्डरमध्ये सगळी नावं दिसली. त्याने कार्ड पुसलं आणि लॅपटॉप बंद केला. क्लाउडवर त्यातलं जवळपास काहीच गेलं नव्हतं. कॅश चालू असताना 'सीपी' फक्त स्थानिक कॅशमध्ये लिहून मोकळं होतं. फाइल बंद झाल्यावर पाच सेकंदांनी तिचा अपलोड सुरू होतो आणि पुढचं सगळं नेटच्या वेगावर. टपालपेटीत पत्र टाकलं म्हणजे ते पोचलं असं होत नाही, तसंच हे.

ध्वनिमुद्रणं वाचली, कारण कॅश शाबूत होता. त्याच पर्यायांसह आरक्लोन पुन्हा माउंट केल्यावर अर्धवट राहिलेले अपलोड त्याने स्वतःच पुढे चालू केले. कुणी 'जागा मोकळी करू' म्हणून घरच्या डिरेक्टरीतला 'कॅश' फोल्डर पुसला असता, तर ते आवाज कायमचे गेले असते. म्हणून मूळ प्रत पुसण्याआधी 'आरक्लोन चेक' चालवा, आणि तेही माउंट केलेल्या फोल्डरवर न चालवता थेट रिमोटशी, म्हणजे क्लाउडवरच्या साठवणीशी, तुलना करून. माउंटमधून पाहिलं तर आपलाच कॅश आपल्याला दिसतो.

दुसरा धोका रात्री उभा राहतो. काही कारणाने माउंट सुटलं, तर त्याच्या खालचा साधा रिकामा फोल्डर उघडा पडतो. बॅकअपची स्क्रिप्ट बिनतक्रार त्यातच लिहीत सुटते, मूळ डिस्क भरते, आणि सकाळी सर्व्हर अडून बसलेला सापडतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट' या कमांडने तपासून घ्या आणि माउंट नसेल तर तिथेच थांबा. माउंट रूट म्हणून करत असाल, तर खालच्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर'ने अपरिवर्तनीय करून ठेवा. मग त्यात चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. साध्या वापरकर्त्याच्या खात्याने माउंट करणाऱ्यांनी मात्र हे करू नये. फ्यूज त्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगी मागतो, त्यामुळे माउंटच होणार नाही.

आरक्लोन मध्येच मेला, तर 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड' असा संदेश येतो. घाबरू नका, 'फ्यूजरमाउंट'ने तो फोल्डर सोडवून पुन्हा माउंट करा.

चालू डेटाबेस माउंटवर कधीच ठेवू नका. एस-थ्रीवर मोठ्या फोल्डरचं नाव बदलतानाही जपून. तिथे नाव बदलणं म्हणजे प्रत्येक वस्तूची नवी प्रत करून जुनी पुसणं. आणि बॅकअपसाठी माझं मत पक्कं आहे: माउंट नको, 'आरक्लोन कॉपी' वापरा. अपलोड खरोखर पूर्ण होईपर्यंत ती कमांड संपत नाही, आणि चूक झाली तर तसं सांगते.

शेवटी 'आरएम'. माउंट केलेल्या फोल्डरमध्ये ते क्लाउडवरची फाइल पुसतं. फक्त वाचायचं असेल तर माउंट करतानाच 'रीड-ओन्ली' लावा. लिहायचं असेल, तर बकेटवर व्हर्जनिंग चालू करा आणि त्या मशीनला त्या एकाच बकेटपुरती किल्ली द्या. आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड नुसते झाकलेले असतात, एन्क्रिप्ट केलेले नसतात. ती फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला ते सहज उलगडता येतात. त्या फाइलला वेगळा पासवर्ड लावायची सोय आरक्लोनच्या 'कॉन्फिग' कमांडमध्येच आहे, तो पहिल्याच दिवशी लावा.