मोझांबिकची तूर आणि आपले वरण

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'परराष्ट्रीय व्यापार' हा विषय वर्गात सुरू झाला, की मोठमोठी जहाजे आणि त्याहून मोठे आकडे डोळ्यांपुढे येतात. त्या आकड्यांचा आपल्या घराशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. एकदा मुलुंड पूर्वेला नेहमीच्या वाण्याकडे तूरडाळ आणायला गेले असता त्याने विचारले, "देशी तुरीची देऊ, की गजरीची?" गजरी म्हणजे काय, असे मी विचारले. तेव्हा तो म्हणाला, "आफ्रिकेची, मोझांबिकची तूर. न्हावाशेवाला उतरते, मग डाळमिलमध्ये जाते." त्या दिवशी घरी येऊन मी नकाशा उघडला. प्रस्तुत लेखाचा जन्म त्यातून झाला.

मोझांबिक हा आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा देश. त्याच्या व आपल्या मध्ये केवळ हिंदी महासागर आहे. तो पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आणि १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडून चाले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. मोझांबिकला मात्र दीर्घ सशस्त्र लढ्यानंतर २५ जून १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळाले. लढ्याचे नेतृत्व 'फ्रेलिमो' या संघटनेने केले. पहिले अध्यक्ष सामोरा माशेल यांच्या निकटच्या सल्लागारांपैकी एक, आक्विनो द ब्रागांसा, हे मूळचे गोव्यातील बारदेशचे होते. १९८६ मध्ये माशेल यांच्या विमानाला अपघात झाला, त्यात दोघांचाही अंत झाला.

स्वातंत्र्याचे सुख या देशाला फार काळ लाभले नाही. १९७७ पासून १९९२ पर्यंत तेथे फ्रेलिमो व 'रेनामो' यांच्यात यादवी युद्ध चालले. १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणुका सुरू झाल्या, तरी सत्ता फ्रेलिमोकडेच राहिली. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीच्या निकालावरून मोठी निदर्शने झाली, त्यांत अनेकांचे प्राण गेले. जानेवारी २०२५ मध्ये डॅनिएल शापो यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली.

हा देश निसर्गाने संपन्न आहे. कोळसा, ॲल्युमिनियम, नैसर्गिक वायू व काजू ही त्याच्या निर्यातीतील प्रमुख नावे. उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतालगतच्या समुद्रात वायूचे प्रचंड साठे सापडले असून, तेथील एका मोठ्या प्रकल्पात भारताच्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. परंतु २०१७ पासून त्या प्रांतात दहशतवादी हल्ले सुरू झाले आणि २०२१ मध्ये प्रकल्पाचे काम थांबवावे लागले. जमिनीखाली संपत्ती आणि जमिनीवर दारिद्र्य, अशी ही स्थिती आहे. बहुसंख्य लोक आजही लहान शेतीवरच जगतात.

आता तुरीकडे वळू. तेथील सामान्य माणसाचे मुख्य अन्न मका व कसावा. रोजच्या जेवणात तुरीला फारसे स्थान नाही. तूर पिकते ती मुख्यतः भारतासाठी. तिची काढणी आपल्याकडच्या पावसाळ्याच्या सुमारास होते व माल ऑगस्टनंतर येऊ लागतो. आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते. म्हणजे आपली कोठारे रिकामी होत असताना त्यांची तूर येते. दोन्ही देशांच्या सोयीचा असा हा व्यापार आहे.

तरीही यात दोघेही पोळले, ते कसे, हे मी आमच्या घरात पाहिले आहे. २०१५ मध्ये मुंबईत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली. मी तेव्हा पाचवीत होते. आईने रोजचे वरण बंद करून मुगाची आमटी सुरू केली. सरकारने शेतकऱ्यांना तूर पेरण्याचे आवाहन केले, हमीभाव वाढवला, आणि जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार केला: २०१६-१७ मध्ये एक लाख टन, ते वाढवत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन. त्याच वर्षी पाऊस चांगला झाला. देशातील तुरीचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या आसपास गेले.

माझे मामा लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात शेती करतात. त्यांनीही त्या वर्षी सोयाबीन कमी करून तूर वाढवली होती. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारात मात्र त्याहून कितीतरी कमी मिळत होता. खरेदी केंद्रावर बारदाना नव्हता. मामा ट्रॅक्टरसह आठ दिवस रांगेत होते. शेवटी त्यांनी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने माल दिला. आजही ते म्हणतात, "आपली तूर घरात असताना बाहेरची आणायचीच कशाला?"

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकशी झालेला सरकारी करार या मर्यादेबाहेर होता. तरीही तिकडे तुरीचे भाव कोसळले. मामांना निदान दुसरी पेठ शोधता आली असती, सरकारला जाब विचारता आला असता. तिकडच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक एकच, तेही समुद्रापलीकडचे. मका विकला गेला नाही तर घरी खाता येतो. तुरीचे त्याने काय करावे? करारातला टनांचा आकडा जागेवर राहिला, शेतकरी मात्र उघडा पडला. पुढे करार २०२५-२६ पर्यंत दरवर्षी दोन लाख टन असा वाढवण्यात आला. मे २०२१ मध्ये आयातही खुली झाली, पण तिची मुदत थोडी थोडी वाढवत नेली गेली.

आईला डाळ स्वस्त हवी आणि मामांना तुरीला भाव हवा. दोघांचेही बरोबर आहे. माझ्या अल्प अभ्यासाप्रमाणे, दोष आयातीत नसून धोरणाच्या धरसोडीत आहे. आपल्याकडे तुरीची पेरणी जून-जुलैत होते, मोझांबिकमध्ये ती वर्षाच्या अखेरीस होते. त्या वर्षी किती तूर घेणार व कोणत्या महिन्यांत घेणार, हे या पेरण्यांपूर्वी जाहीर झाले, तर औशाचा आणि मोझांबिकचा शेतकरी, दोघेही डोळसपणे पेरतील. पेरणी झाल्यावर बदललेला नियम कागदावर एका ओळीचा असतो; शेतकऱ्याचे मात्र त्यात एक वर्ष जाते.

या दिवाळीत मामा मुलुंडला आले होते. आईने वरण केले होते. डाळ कोणती, असे त्यांनी विचारले. मी गजरीची म्हणून सांगितले. मामांनी क्षणभर ताटाकडे पाहिले आणि म्हणाले, "त्यांना तरी भाव बरा मिळाला का गं?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.